आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

गुन्हेगारी मालिकांमधलं एक दृश्य आता इतकं घासून गुळगुळीत झालंय, की ते लिहायला लेखकही लागत नसावा. अंधारी खोली, भिंतभर पडदे, सीसीटीव्हीत लांबून जाणारी एक गाडी. साहेब म्हणतात, ‘झूम कर.’ टकटक टकटक. ‘अजून.’ टकटक. चौकोनी ठिपक्यांचा चिखल दोन सेकंदांत निवळतो आणि नंबरप्लेट अशी लखलखीत दिसते, की गाडी नुकतीच शोरूममधून बाहेर पडलीय.

मालिकांमधल्या तांत्रिक गमतीजमतींची यादी करायला बसलं तर ती संपणार नाही, आणि त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या मालिकेत दोन माणसं एकाच कीबोर्डवर चार हातांनी बडवत हॅकरला थोपवतात. त्यावर हसावं आणि सोडून द्यावं. पण झूमचं दृश्य वेगळ्या जातीचं आहे. तिथे जे नोंदलंच गेलं नव्हतं ते हवेतून काढून दाखवलं जातं. एकदा हा प्रकार ओळखता आला की मोबाइलच्या लोकेशनपासून मृत्यूच्या वेळेपर्यंत सगळीकडे तोच दिसू लागतो.

आधी नंबरप्लेट. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. दुकानाबाहेरचा नेहमीचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. भिंग ९० अंशांचं धरू. मग कॅमेऱ्यापासून जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदीचा पट्टा चित्रात मावतो. गाडी २० मीटरवर असेल तर ४० मीटरचा रस्ता १९२० ठिपक्यांत बसवलाय. एका मीटरला ४८ ठिपके. चारचाकीची हाय सिक्युरिटी नंबरप्लेट ५०० मिलिमीटर लांब असते, म्हणजे तिच्या वाट्याला आले २४. त्यात एमएच, जिल्ह्याचे दोन आकडे, सिरीजची दोन अक्षरं, पुढचे चार अंक अशी दहा चिन्हं, शिवाय डाव्या कडेला होलोग्राम आणि आयएनडी. एका चिन्हाला जेमतेम दोन ठिपके. दोन ठिपक्यांच्या रुंदीत ३ आणि ८ यांच्यातला फरक मावत नाही. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच २० मीटरवर तो सात ठिपक्यांचा होतो. सात ठिपक्यांत नाक कुठलं आणि मिशी कुठली?

सीसीटीव्हीच्या आखणीसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरला २५० ठिपके, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि ‘तिथे कुणीतरी आहे’ एवढंच कळायला २५ ठिपके असं गणित दिलंय. २५० हवे असतील तर वरच्या कॅमेऱ्यात दृश्याची रुंदी ७.६८ मीटरपेक्षा जास्त चालणार नाही, म्हणजेच माणूस चार मीटरच्या आत हवा. गल्ल्यावरचा कॅमेरा चेहरा पकडतो, रस्त्याकडे तोंड केलेला पकडत नाही, याचं कारण एवढंच. तरीही सोसायट्या आणि दुकानदार हमखास २.८ मिलिमीटरचं रुंद भिंग मागतात, ‘सगळं दिसलं पाहिजे’ म्हणून. सगळं दिसतं. कोण आहे तेवढं दिसत नाही.

शिवाय हे १९२० ठिपके डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या, डिस्कवर जसेच्या तसे पोचतच नाहीत. सेकंदाला २५ चौकटींचं कच्चं चित्र सुमारे ६२२ मेगाबिट होतं. डीव्हीआर ते २ ते ४ मेगाबिटमध्ये कोंबतो, म्हणजे दीडशे ते तीनशे पट दाबून. एच.२६४ ही पद्धत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडते, आधीच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिते आणि बारीक तपशील सगळ्यात आधी टाकून देते. नंबरप्लेटवरची अक्षरं हा नेमका बारीक तपशील. झूम केल्यावर दिसणारे चौकोन हा पडद्याचा दोष नव्हे. तिथे त्यापलीकडे काही लिहिलेलंच नसतं.

गाडी चालती असेल तर आणखी घोळ. रात्री कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडं ठेवतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ४० सेंटिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ अख्ख्या प्लेटच्या लांबीइतकी. अक्षरं एकमेकांवर सारवली जातात. टोलनाक्यावरचे नंबर वाचणारे कॅमेरे वेगळे असतात. त्यांचं भिंग फक्त एका मार्गिकेपुरतं अरुंद आणि शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, म्हणजे तीच गाडी एका सेंटिमीटरनेच सरकते. सोबत इन्फ्रारेड प्रकाशाचा झोत असतो. प्लेटवरचा परावर्तक थर तो झोत सरळ परत पाठवतो आणि छोट्या शटरमुळे अक्षरं काळी कुळकुळीत उठून दिसतात. हाच परावर्तक थर साध्या कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडपुढे आला की उलटा परिणाम होतो. प्लेटच्या जागी नुसता पांढरा पेटता आयत उरतो.

रात्रीची अजून एक खोड मालिकांना माहीतच नाही. इन्फ्रारेडवर चालणारा कॅमेरा रंग पाहत नाही, आणि कापडाचे बरेच कृत्रिम काळे रंग इन्फ्रारेड शोषत नाहीत. त्यामुळे काळा शर्ट फुटेजमध्ये राखाडी, कधी चक्क पांढरा दिसतो. साक्षीदार म्हणतो काळा, फुटेज म्हणतं पांढरा, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. यावर एक छान भाग लिहिता आला असता. कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

मग काहीच करता येत नाही का? येतं, पण थोडं. गाडी उभी असेल आणि तिच्या १६ चौकटी मिळत असतील तर त्यांची सरासरी काढून दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर आणता येतो, कारण गोंगाट चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. दाबून साठवलेल्या चित्रात हा फायदा कागदावरच्यापेक्षा कमीच मिळतो. वस्तू चौकटीगणिक अर्ध्या-पाव ठिपक्याने हलत असेल तर त्या सरकण्यातून थोडं जादा बारकाव्याचं चित्र बांधता येतं. एकाच दिशेने सारवलेलं असेल तर सारवण्याची लांबी आणि कोन मोजून ते अंशतः उलटवता येतं. या सगळ्याचा शेवट ‘पहिला आकडा ३ किंवा ८, शेवटचा बहुधा १’ असा होतो. त्यावरून आरटीओच्या नोंदींतून त्या रंगाच्या, त्या मॉडेलच्या पन्नास-शंभर गाड्यांची यादी निघते आणि हवालदार ती यादी घेऊन दारोदार फिरतो. कंटाळवाणं आहे, पण तपास असाच पुढे सरकतो.

हल्ली मालिकेतला तंत्रज्ञ ‘एआयने एन्हान्स करतो’ म्हणतो. हे जुन्या झूमपेक्षा घातक. अशी प्रणाली हरवलेला चेहरा शोधत नाही, त्या ठिपक्यांत बसेल असा नवा चेहरा रचते. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांची पल्स ही प्रणाली आली, तेव्हा कुणीतरी तिला बराक ओबामांचा ठिपकेदार फोटो दिला आणि तिने एक सुबक गोरा माणूस काढून दिला. चित्र स्वच्छ होतं. माणूस दुसरा होता. अशा चित्रावरून पोलिसांनी कुणाला उचललं तर काय होईल, याचा विचार लेखकाने टकटक वाजवण्याआधी करावा.

डोळ्यातल्या प्रतिबिंबात खुनी दिसतो, या गोष्टीला मात्र किंचित आधार आहे. २०१३ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या रॉब जेन्किन्स यांनी फोटोतल्या माणसाच्या बुबुळात उमटलेले समोरच्यांचे चेहरे काढून दाखवले आणि ओळखीच्या लोकांनी ते ओळखलेही. पण तो कॅमेरा ३९ मेगापिक्सेलचा हॅसलब्लाड होता, चेहऱ्यावर स्टुडिओचे दिवे होते आणि समोरची माणसं हाताच्या अंतरापलीकडे फारशी नव्हती. पोहऱ्यात पाणी आलं, कारण आडात होतं. लिफ्टमधल्या कॅमेऱ्याकडून ती अपेक्षा नको.

खऱ्या तपासात फुटेजचा घात बहुतेक वेळा झूमच्या कितीतरी आधी झालेला असतो. दुकानदार डीव्हीआरच्या पडद्यासमोर मोबाइल धरतो, पडद्याचंच चित्रीकरण करतो आणि ते व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पडद्याच्या जाळीचे पट्टे, मोबाइलचं दाबणं, व्हॉट्सअॅपचं पुन्हा दाबणं, म्हणजे आधीच पातळ झालेल्या ताकात तीन वेळा पाणी. दुसरी चूक म्हणजे मोबाइल अॅपमधून क्लिप उतरवून घेणं. अॅप बऱ्याचदा कमी ठिपक्यांचा दुय्यम प्रवाह दाखवतं, पूर्ण चित्र डिस्कवर असतं. योग्य रीत अशी: डीव्हीआरला पेनड्राइव्ह लावून मूळ प्रकारातली फाइल काढायची, सोबत त्या कंपनीचा प्लेअर घ्यायचा आणि तिथल्या तिथे फाइलचा हॅश (फाइलीत किंचितही बदल झाला तर बदलणारी तिची खूण) काढून पंचनाम्यात लिहायचा.

त्याहीआधी एक काम. डीव्हीआरवर दिसणारी वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी शेजारी धरून फोटो काढायचा. इंटरनेट नसलेल्या डीव्हीआरचं घड्याळ महिन्यागणिक भरकटतं. आतली बटनसेल मेलेली असेल तर लाइट गेल्यावर तारीख २००० सालात जाऊन बसते. कारखान्यातून आलेला चिनी वेळविभाग तसाच राहिला आणि घड्याळ नेटवरून जुळत असेल, तर डीव्हीआर आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढे धावतो. आरोपी साडेदहाला इमारतीत शिरला की आठला, यावर अख्खा खटला फिरतो, आणि मालिकेत मात्र कोपऱ्यातल्या त्या आकड्यांवर कुणीच कधी संशय घेत नाही.

आणि घाई. एका कॅमेऱ्याचे २ मेगाबिट म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे, १ टीबीची डिस्क: सहा दिवसही पुरत नाही, त्यानंतर जुनं पुसून नवं लिहिलं जातं. ‘तीन महिन्यांपूर्वीचं फुटेज मागवा’ म्हणणाऱ्या साहेबांना हे सांगणारं पात्र मालिकेत असायला हवं.

आता फोन. ‘तीस सेकंद बोलण्यात गुंतव, ट्रेस होतोय’ हे वाक्य एका गाडल्या गेलेल्या यंत्राचं भूत आहे. जुन्या स्ट्राउजर एक्स्चेंजमध्ये फोनचा मार्ग यांत्रिक खटक्यांच्या साखळीने जोडलेला असायचा. कॉल कुठून आलाय हे पाहायला तंत्रज्ञाला रॅकमागे रॅक पालथे घालत एकेका खटक्यावरून उलटं जावं लागे, आणि समोरच्याने फोन ठेवला की साखळी सुटे. तेव्हा गुंतवून ठेवण्याला अर्थ होता. डिजिटल एक्स्चेंजमध्ये कॉल करणाऱ्याचा नंबर जोडणीच्या पहिल्याच संदेशात, घंटा वाजण्याआधी येतो. खंडणीखोराने एका सेकंदात फोन ठेवला तरी नोंद झालेली असते. खरी पंचाईत वेगळीच: परदेशातून आलेला कॉल सिमबॉक्समधून, म्हणजे ढीगभर इथली सिम भरलेल्या यंत्रातून, वळवला असेल तर दिसतो तो इथला कुठलातरी नंबर, आणि त्या नंबरमागे माणूस नसतोच.

मग नकाशावर लाल ठिपका लुकलुकतो आणि गाड्या सुटतात. सीडीआरमध्ये, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींत, ठिपका नसतो. तिथे असतो टॉवरच्या सेलचा क्रमांक, कॉल सुरू झाला तेव्हाचा आणि संपला तेव्हाचा. एका टॉवरचे साधारण तीन सेल, प्रत्येकी १२० अंशांचा पंखा. फोनपर्यंत लहरी पोचायला लागणाऱ्या वेळावरून नेटवर्कला अंतराचा अंदाज असतो, पण जुन्या जीएसएममध्ये (टूजीत) ती पायरी सुमारे ५५० मीटरची होती, फोरजीमध्ये ७८ मीटरची. जीएसएमची तिसरी पायरी धरली, म्हणजे ११०० ते १६५० मीटर, तर १२० अंशांच्या पंख्यात ते दीड चौरस किलोमीटरहून मोठं कोयत्याच्या पात्यासारखं क्षेत्र होतं. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत चौरस किलोमीटरला २० हजारांच्या आसपास माणसं राहतात. म्हणजे त्या पात्यात तीसेक हजार लोक. हा आपला लाल ठिपका.

फोन जवळचाच टॉवर पकडेल याचीही खात्री नसते. पाण्यावरून लहरी विनाअडथळा येतात, त्यामुळे वाशीच्या खाडीच्या या काठावर उभ्या माणसाचा फोन त्या काठाचा टॉवर पकडू शकतो. बचाव पक्षाचा जाणकार वकील पहिला प्रश्न इथेच विचारतो. ‘सॅटेलाइटने ट्रॅक करा’ हा तर निव्वळ विनोद. जीपीएसचे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची कक्षा प्रसारित करतात, कोण ऐकतंय हे त्यांना कळत नाही. जागा फोन स्वतः काढतो आणि ती त्याने कुणाला कळवली तरच बाहेर जाते.

मालिकेतला चलाख आरोपी सिम मोडून गटारात टाकतो आणि त्याच हँडसेटमध्ये दुसरं सिम घालतो. खऱ्या जगात तिथेच फसतो, कारण हँडसेटचा १५ अंकी आयएमईआय दोन्ही सिमच्या नोंदींत एकच येतो. इथे वास्तव मालिकेपेक्षा पोलिसांच्या बाजूचं आहे. तसंच सीडीआरच्या मुदतीचं. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याची अट बदलून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला लावल्या. फुटेज सहा दिवसांत गेलं तरी सीडीआर थांबतो.

आयपी पत्त्याबद्दल थोडक्यात. पडद्यावर ‘३१२.४५.६७८.९’ असं काही दिसलं की जाणकार हसतात, कारण चारही आकडे ० ते २५५ मधलेच असू शकतात. हे निर्माते मुद्दाम करत असतील, कुणाचा खरा पत्ता दिसू नये म्हणून. पण त्यासाठी २०३.०.११३ ने सुरू होणारे २५६ पत्ते उदाहरणांसाठी राखूनच ठेवलेत, ते वापरा की. खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकच आयपीव्ही४ पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटतात. नुसता पत्ता देऊन ‘हा कोण’ विचारलं तर उत्तर येत नाही. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि वेळ कुठल्या वेळविभागातली तेही. परदेशी कंपनीने यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेली वेळ भारतीय समजून कागद पाठवला, तर साडेपाच तासांनी चुकलेला ग्राहक हातात येतो. तो माणूस असतो खराखुरा, फक्त भलताच.

आता प्रयोगशाळा, म्हणजे डॉ. साळुंखेंचं राज्य. सोनीवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या सीआयडीने आपल्या दोन पिढ्यांना फॉरेन्सिक हा शब्द शिकवला, हे मान्यच करायला हवं. मुंबईतला खून स्थानिक ठाणं किंवा क्राइम ब्रँच तपासते आणि राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, याकडेही काणाडोळा करू. पण परीक्षानळीत निळं पाणी, त्यात हिरवं पाणी, धूर, आणि ‘बॉस, हे तर जहर आहे’?

विषाची खरी वाट पोस्टमॉर्टेमच्या टेबलापासून सुरू होते. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे पेपरातलं वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याचा अर्थ असा की जठर आतल्या पदार्थांसह, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात बरण्यांमध्ये घालतात. रक्त वेगळं, सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट घातलेल्या कुपीत. फ्लोराइड नसेल तर जिवाणू कुपीतल्या कुपीत साखरेचं अल्कोहोल करू शकतात, आणि न प्यायलेला माणूस प्यायलेला ठरतो. बरणी काठोकाठ भरत नाहीत, कारण कुजताना वायू होतो आणि झाकण उडतं. ज्या मिठाच्या पाण्यात ठेवलं त्याचाही कोरा नमुना सोबत जातो, विष पाण्यातूनच आलं नव्हतं हे दाखवायला. मग लाखेचं सील, सीलचा नमुना कागदावर, आणि सगळं मुंबईत कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा जवळच्या विभागीय प्रयोगशाळेत. तिथे आधी ऊतकातून विष बाहेर काढावं लागतं, मग टीएलसीच्या पट्टीवर गटाचा अंदाज, मग जीसी-एमएससारख्या यंत्रावर नेमकं नाव. यंत्रालाही ‘काय शोधू’ हे थोडंफार सांगावं लागतं. उंदराचं औषध आणि सापाचं विष एकाच चाचणीत सापडत नाही. अहवाल यायला आठवडे, कधी महिने जातात, आणि ठाण्यात अजूनही त्याला सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्टच म्हणतात.

रंग बदलणारी चाचणी खरंच आहे, पण ती रक्ताची. फिनॉल्फ्थॅलिन चाचणीत डाग फिल्टर पेपरवर घासून घेतात, अल्कोहोलचा थेंब, मग अभिकर्मकाचा थेंब, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचा. काही सेकंदांत गुलाबी झालं तर रक्त असण्याची शक्यता. पेरॉक्साइड घालण्याआधीच गुलाबी झालं तर चाचणी रद्द, कारण गंज किंवा तांब्याचे क्षार असं करतात. मुळ्यासारख्या भाज्यांतल्या पेरॉक्सिडेजनेही रंग येऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या विळीवर हे विसरून चालत नाही. माणसाचंच रक्त आहे की कोंबडीचं, हे त्यानंतरच्या वेगळ्या चाचणीने ठरतं. आणि एक खटकणारी चूक: निळसर-जांभळ्या दिव्याखाली रक्त चमकत नाही. ते त्या प्रकाशाला गिळतं आणि आणखी काळं दिसतं. चमकतं ते ल्युमिनॉल फवारल्यावर, तेही पूर्ण अंधारात, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. फरशी ब्लीचने पुसली असेल तर अख्खी फरशीच चमकते.

डीएनएला एक ‘क्लिक’ पुरत नाही. नमुन्यातून डीएनए काढणं, तो किती आहे हे मोजणं, त्याच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरच्या २८-३० फेऱ्या, मग केशनलिकेतून तुकड्यांची लांबी मोजणं. सगळी यंत्रं रिकामी तुमचीच वाट पाहत उभी असली तरी कामाचा एक पूर्ण दिवस. दीड तासात उत्तर देणारी रॅपिड यंत्रं आहेत, पण ती गालाच्या आतून घेतलेल्या स्वच्छ नमुन्यावर भरवशाची, दरवाज्याच्या मुठीवरच्या तीन माणसांच्या मिसळीवर नाहीत. चांगल्या आलेखाला १ नॅनोग्रॅमच्या आसपास डीएनए पुरतो, म्हणजे दीडशेक पेशी. कमी झाल्या तर काही जागा कोऱ्या राहतात, आणि त्या कोऱ्या जागा कुणी ‘एन्हान्स’ करून भरत नाही. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर दमटपणात बुरशी धरते आणि हाच डीएनए तुटतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा असतो. पडद्यावर मात्र सगळं पारदर्शक प्लास्टिकमध्ये, कारण ते कॅमेऱ्याला छान दिसतं.

शिवाय जुळवायचा कशाशी? मालिकेत आलेख आला की शेजारी फोटो, नाव, पत्ता उघडतो. आपल्याकडे नागरिकांची डीएनए पेढी नाही. त्यासाठीचं २०१९ चं विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतलं. संशयित हाती नसेल तर आलेख फाइलमध्ये पडून राहतो. बोटांच्या ठशांची राष्ट्रीय यंत्रणा आहे, नॅफिस नावाची, पण संगणक तिथेही एक नाव देत नाही. गुणांप्रमाणे लावलेली उमेदवारांची यादी देतो, पुढचं माणूस भिंग घेऊन ठरवतो. माणूसही चुकतो. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयच्या संगणकाने २० जणांची यादी दिली, तज्ज्ञांनी त्यातला चौथा पक्का केला आणि एका निरपराध अमेरिकी वकिलाला अटक झाली. ठसा दुसऱ्याच कुणाचा होता.

‘मृत्यू सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान’ हे वाक्य ऐकून कुठलाही पोस्टमॉर्टेम करणारा डॉक्टर चहा सांडेल. शरीर थंड होण्यावरून वेळ काढण्याचा हेन्सगे आलेख सगळ्यात अनुकूल परिस्थितीतसुद्धा अलीकडे-पलीकडे २.८ तासांची मुभा ठेवतो. म्हणजे साडेपाच तासांची खिडकी, आणि तीही थंड हवेत. मे महिन्यात मुंबईतल्या बंद खोलीत ३४ अंश असेल तर ३७ पासून उतरायला तीनच अंश उरले. काय मोजणार? चंद्रपूरला पत्र्याखालच्या खोलीत ४४-४५ अंशांत मृतदेह थंड होण्याऐवजी तापूही शकतो. ताठरता उन्हाळ्यात लवकर येते, लवकर जाते, आणि मरणाआधी माणूस धावला-झगडला असेल तर त्याहून लवकर. डॉक्टर ‘२४ ते ३६ तासांपूर्वी’ असं लिहितात तेव्हा ते कामचुकारपणा करत नसतात. शेवटचा व्हॉट्सअॅप संदेश, न उचललेली दुधाची पिशवी, पोटातलं जेवण आणि ते कधी खाल्लं हे सांगणारी खानावळ, यांनी ही खिडकी अरुंद होते. दुधाची पिशवी थर्मामीटरपेक्षा अचूक ठरणं मला तरी फार नाट्यमय वाटतं.

आरोपीचा लॅपटॉप हाती येताच तो उघडून बटनं दाबणारा अधिकारी ही तर रोजचीच गोष्ट. नुसता चालू केला तरी शेकडो फाइलींच्या तारखा बदलतात, आणि बचाव पक्षाला तेवढंच हवं असतं. डिस्क काढून राइट ब्लॉकरमार्फत (डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या यंत्रामार्फत) जोडायची, बिटला बिट अशी प्रत घ्यायची. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास, हॅश ताडून पाहायला जवळपास तेवढेच. चालू मोबाइल असेल तर तो बंद न करता नेटवर्कपासून तोडायचा, एअरप्लेन मोड किंवा लहरी अडवणारी फॅराडे पिशवी, नाहीतर लांबून कुणीतरी पुसून टाकेल. या सहा तासांत मालिकेचे आठ भाग उरकतात.

एवढं करून पुरावा कोर्टात उभा राहतो तो एका कागदावर. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर आला की आधी, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण होतं, पण त्याच्या प्रतींसोबत जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक प्रतीला लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. खोतकरांविरुद्ध कोर्टात गेलेल्यांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. या प्रकरणात मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून खोतकरांची निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिल्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत फाइलचा हॅश.

पहिल्या भागात यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, रंग आणि त्या काळात यंत्र नीट चालत होतं की नाही, हे लिहायचं असतं. लिहिणार कोण? ज्याच्या दारावर तो २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, तो हार्डवेअरचा दुकानदार. त्याला अनुक्रमांक कुठे असतो हे माहीत नसतं. साक्षीचं समन्स दोन-तीन वर्षांनी येतं, आणि पोलिसांनी त्या दिवशी नुसता पेनड्राइव्ह नेला असेल, तर तोवर डीव्हीआर बदलून जुना भंगारवाल्याकडे गेलेला असतो.